अठ्ठावीसचा झाकलेला कोपरा

बंगळूरला लोक नोकरीला जातात, नातवंडं सांभाळायला जातात. मी कॅमेऱ्याचं एक भिंग निवडायला गेले. घरी हे जाहीर केल्यावर आमच्या यजमानांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. “पुण्यातली संपली का?” एवढंच विचारलं.

पुण्यातली संपलेली नाहीत. पण माझे दोन्ही कॅमेरे रेंजफाइंडर जातीचे, एक फिल्मचा आणि एक डिजिटल. या जातीत भिंगातून बघत नाहीत. बघायला वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते आणि फोटो घेणारं भिंग खाली वेगळं असतं. म्हणजे डोळा एक बघतो आणि फिल्म दुसरंच. जवळजवळ सारखंच, पण तेच नव्हे. हे ‘जवळजवळ’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझ्या डिजिटलला मागे पडदा आहे, पण तो मी बंद ठेवते. पडदा बघून फोटो काढायचे तर मोबाइल काय वाईट आहे?

मी लोकांच्या घरातली देवघरं टिपते, समईच्या उजेडात, फ्लॅश न मारता. त्यासाठी भिंग रुंद बघणारं हवं, कारण देवघरं असतात जिन्याखाली आणि कपाटात. आणि मोठ्या तोंडाचं हवं, म्हणजे कमी उजेडातही पोटभर प्रकाश आत घेईल. माझ्या जुन्या भिंगाला दोन पावसाळ्यांत आतून बुरशी धरली. चौकशी करता करता बसवनगुडीतल्या एका मराठी गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे अशी दोन होती, एक अठ्ठावीस मिलिमीटरचं आणि एक पस्तीसचं. मला घ्यायचं होतं एकच. दोन्हींची ऐपत नव्हती, माझी नाही आणि माझ्या उजव्या खांद्याचीही नाही.

गृहस्थांनी फोनवर अट घातली, “इथं येऊन चार दिवस दोन्ही वापरा. फिल्मवर पण, डिजिटलवर पण. मग न्या. नेल्यावर नाक मुरडायचं नाही.” मला असली माणसं आवडतात. मी तिकीट काढलं.

बसवनगुडी, पहिला दिवस

घर शोधायला वेळ लागला, कारण मी रिक्षावाल्याला पत्ता मराठीत सांगितला, त्याने तो कानडीत ऐकला आणि मग आम्ही दोघांनी मिळून हिंदीत भांडण केलं. शेवटी त्यानेच उतरून तीन दुकानांत विचारलं. पुण्यात हे झालं नसतं, हे मी पुणेकर असूनही कबूल करते.

काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. नकाशे काढण्याच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं तिकडे जाऊन चार शतकं होत आली, हे मी चपला काढेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं. घर साधंच. लाल फरशी, जाळीची दारं, वरचा मजला मुलांच्या क्लासला भाड्याने दिलेला. तिथून पाढे ऐकू यायचे आणि मधेच सगळे एकदम गप्प व्हायचे.

“या अक्का, बसा,” काका म्हणाले. चोपन्न वर्षांच्या बाईला अठ्ठ्याहत्तरचा माणूस अक्का म्हणतो, याची सवय व्हायला मला दोन दिवस लागले. त्यांची मराठी घरात जपलेली, जुन्या वळणाची, आणि मधेमधे कानडी शब्द, फोडणीतल्या जिऱ्यासारखे.

खिडकीशेजारी वेताचा कोच होता, दोन माणसांचा. मी त्यावर टेकणार तोच काका म्हणाले, “तिथं नको. स्वल्प इकडं बसा,” आणि त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. स्वल्प म्हणजे जरा, थोडं. हा शब्द त्या गावात कशालाही लागतो.

कॉफी झाली. मग टेबलावर धुतलेला नॅपकिन अंथरून त्यावर दोन्ही भिंगं आली. पस्तीस म्हणजे सुपारीच्या डबीएवढं, काळं, घट्ट, तोंडाला पत्र्याची काळी टोपी. अठ्ठावीस म्हणजे लोणच्याची बरणी. मी हातात घेतलं आणि मनगट खाली गेलं.

“लावा कॅमेऱ्याला आणि त्याच्या खिडकीतून बघा,” काका म्हणाले.

बघितलं. सगळी खोली मावत होती, पण उजवीकडचा खालचा कोपरा काळा. भिंगाचं स्वतःचंच तोंड मधे येत होतं.

“कोपरा गेला ना? काय आहे तिथं, सांगा.”

मी कॅमेरा खाली घेतला. तिथे तो वेताचा कोच होता.

“फोटोत तो येणार,” काका म्हणाले. “तुम्हाला दिसणार नाही. पण येणार.”

त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. मी म्हणाले, “माहीत आहे हो मला, सगळ्याच मोठ्या भिंगांचं असं असतं.” माहीत होतंच. पण माहिती असणं वेगळं आणि कुणी तसं सांगणं वेगळं.

मग त्यांनी कोचाची हकीकत सांगितली, सहा वर्षं त्यावर कुणालाच का बसू दिलं नाही ती. बायकोचं नाव ते घेत नसत, ‘आमची ही’ म्हणत. हिला फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर, नाहीतर सरळ स्वयंपाकघर. नवरा आयुष्यभर गावाचे फोटो काढत फिरला आणि घरात बायकोचा धड एक फोटो नाही. लग्नाच्या अल्बममध्येही मान खाली. मग सहा वर्षांपूर्वी आजार बळावला, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि एका दुपारी ती आपण होऊन म्हणाली, काढा. पण माझ्याकडे बघायचं नाही.

“आता न बघता कसा काढायचा फोटो? म्हणून अठ्ठावीस लावलं. हिला कोचावर बसवलं. मी समोर उभा. खिडकीतून मला काय दिसायचं, तर भिंत, फळी, कॅलेंडर. ही त्या काळ्या कोपऱ्यात. तीन दुपारी, एक अख्खा रोल. एकदा पण बघितलं नाही, अक्का. शब्द दिला होता ना.”

“मग फोटो?”

“रोलच गेला. त्याच आठवड्यात ही गेली. माणसं आली, आवराआवर झाली. नंतर मी घर उलटंपालटं केलं. कपाटं, पोटमाळा, पिठाचे डबे. नाहीच मिळाला.” त्यांनी कपबशी उचलली तर कप बशीवर थरथर वाजत राहिला. भिंगं विकायचं कारण मला तेव्हा कळलं. “आता डोळे मिटून हिचा चेहरा आठवायला जातो ना, तर आधार कार्डावरचा येतो. त्यात तर सगळेच चोर दिसतात. थोड्या दिवसांनी तेवढाच उरेल. त्याचं भय वाटतं मला.”

मी नॅपकिनवरची दोन्ही भिंगं सरळ ओळीत लावली.

उठताना ते म्हणाले, “सरी,” म्हणजे बरं, “तुम्हाला रोल देतो.” फ्रिजच्या दारात एक स्टीलचा डबा होता. मोठ्या रिळातून कापून हाताने भरलेले पाच रोल त्यात शिल्लक होते, सगळे सारखे, वर चिठ्ठी नाही. घरी फिल्म धुणाऱ्या माणसांची एक रीत असते. वापरलेला रोल गुंडाळताना फिल्मचं टोक पूर्ण आत जाऊ देत नाहीत, जिभेसारखं बाहेर ठेवतात, म्हणजे अंधारात ओढून काढायला सोपं पडतं. पण मग कोरा आणि वापरलेला दिसायला एकच. म्हणून काका वापरलेल्याची जीभ दुमडून ठेवत. त्यांनी एक रोल काढून अंगठ्याने चाचपला.

“जीभ सरळ आहे. कोरा. घाला.”

मी तो तिथेच फिल्मच्या कॅमेऱ्यात घातला.

सर्जापूर रोड

उतरले होते भाचीकडे, ऋताकडे. चौदावा मजला. खाली बघितलं की सारख्याच इमारती, सारखेच पोहण्याचे तलाव, आणि संध्याकाळी सारख्याच वेळी उजळणाऱ्या खिडक्या. शेजारी कोण राहतं ते तिला तीन वर्षांत कळलेलं नाही. दूधवाला, फुलवाली, भाजीवाला, सगळे फोनमध्ये. मी म्हटलं, अगं मग भांडतेस कुणाशी? तर म्हणे, मावशी, सीरियसली, ग्रुपवर भांडतो आम्ही.

पहिल्या दिवशी येता येता अठ्ठावीस मी डिजिटलला लावून डझनभर फोटो काढले होते. ऋताने ते लॅपटॉपवर मोठे केले. भिंग नामी होतं, प्रश्नच नाही. पण प्रत्येक फोटोत उजवीकडे खाली काहीतरी होतं. एकात कुणाचा तरी पाय. एकात कुत्र्याचं शेपूट. एकात हिरव्या लुगड्यातली अर्धी बाई, थेट माझ्याकडे बघत असलेली.

“ही तुला दिसली नाही?” ऋताने विचारलं.

“तो कोपरा झाकलेला असतो गं.”

“म्हणजे तिने तुला बघितलं आणि तू तिला नाही. क्रीपी आहे हे, मावशी.”

शेवटी काकांच्या खोलीचा फोटो आला. निघण्याआधी मी सहज एक काढला होता. कोपऱ्यात रिकामा कोच. ऋता पुढे वाकून बघायला लागली. “हा डाव्या बाजूला खोलगट का दिसतोय? आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखा.”

“वेत बसतो वापरून,” मी म्हणाले. मग आठवलं की त्या कोचावर सहा वर्षांत कुणाला बसू दिलेलं नाही. मी तिला लॅपटॉप मिटायला सांगितला आणि कुकर लाव म्हणाले.

बसवनगुडी, दुसरा दिवस

सकाळी अठ्ठावीस फिल्मच्या कॅमेऱ्याला लावून गल्ल्या धरल्या. हा भाग मला आवडला. झाडं इतकी जुनी की रस्ता त्यांच्याकडे बघून वळतो. उभ्याने खायच्या हॉटेलात इडली खाल्ली आणि एकटी असून बाय-टू कॉफी मागितली, म्हणजे अर्धीच मिळेल या हिशेबाने. त्याने दोन अर्धे पेले आणून ठेवले. दुसरा कुणासाठी, असं त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन्ही मीच प्यायले. सांबार मात्र गोड. आमटीत गूळ घालणाऱ्या घरात वाढलेली मी, तरी गोड.

एका पिंपळाच्या पारावर नागाचे दगड ओळीने उभे होते, हळदीकुंकवाने माखलेले. वर गच्च सावली. मोठ्या तोंडाच्या भिंगाची परीक्षा सावलीतच होते, म्हणून मी दिवसभर सावल्याच शोधत होते. पाराखालची, बोळाच्या दारातली, लोखंडी सामानाच्या दुकानाच्या पोटातली. आणि दर वेळी तो कोपरा काळा. दहाव्या फोटोपर्यंत माझी अशी गत झाली की बटण दाबण्याआधी कॅमेरा खाली घेऊन कोपऱ्यात बघायचं, कुणी नाही ना, मग पुन्हा वर घ्यायचा. माणूस अंथरुणाखाली बघून झोपतो तसं. स्वतःचाच राग आला.

पारापाशी परत आले आणि ठरवलं, आता बघायचं नाही. सरळ बटण दाबलं. कॅमेरा खाली घेतला तर कोपऱ्यात खरोखरच एक म्हातारी बसली होती, एक हात लांब. मी किंचाळलेच. म्हातारी दूर्वा खुडत होती. “एन्?” तिने विचारलं, म्हणजे काय झालं. काय सांगणार कप्पाळ! मी हात जोडले आणि निघाले. वीस फोटो झाले होते.

येलहंका

उरलेला रोल पस्तीसवर घालवायचा होता आणि बसवनगुडीचा मला जरा धसकाच बसला होता. म्हणून तिसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला गेले. जुनं गाव आता शहराच्या पोटात गेलंय, पण पेठेत अजून गावच आहे. डोक्यावरून हवाई दलाची विमानं कानठळ्या बसवत जातात आणि खाली कुणी मान वर करत नाही.

पस्तीस लावलं आणि जीव मोकळा झाला. छोटंसं भिंग, खिडकीत चारही कोपरे लख्ख. मी झपाटल्यासारखी सुटले. शिंप्याचं दुकान, तांब्यापितळेची भांडी, अंबाड्यात फूल माळलेल्या दोन बहिणी. एक गजरेवाली तर इतकी छान बसली होती की तिचे ओळीने तीन काढले. तिसऱ्यानंतर तिने गजरा खाली ठेवला आणि माझ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

“मॅडम, मुच्चळ.”

मला कळेना. तिने शेजारच्या डब्याचं झाकण उचलून दाखवलं. मग माझ्या कॅमेऱ्याकडे.

भिंगाला टोपी तशीच होती. पत्र्याची काळी टोपी. रेंजफाइंडरवाल्यांची ही खास फजिती. खिडकीतून सगळं दिसतं, त्यामुळे भिंगाचं तोंड झाकलेलं आहे हे कळतच नाही, आणि आमचा जुना कॅमेरा बिनबॅटरीचा, तोही काही बोलत नाही. मी आकडा बघितला. एकोणतीस. म्हणजे नऊ फोटो. नऊ वेळा मी डोळ्याने पेठ बघितली आणि फिल्मने अंधार. पंचवीस वर्षांत ही चूक मी एकदाही केलेली नाही, असं शिबिरांतून पोरांना छाती पुढे काढून सांगत आलेय. शरमेने कान तापले. गजरेवाली मात्र पोट धरून हसली आणि तिने एक गजरा मला फुकट दिला.

टोपी काढून उरलेले सात काढले. काकांना हे सांगायचं नाही, असं बसमध्येच ठरवून टाकलं.

बसवनगुडी, चौथा दिवस

रोल काकांच्याच न्हाणीघरात धुवायचा होता. रसायनं त्यांनी ताजी मागवली होती, पण हात थरथरत असल्यामुळे फिल्म धुण्याच्या डब्यातल्या चक्रीवर चढवणं मला भाग होतं. हे काम काळ्या अंधारात होतं. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, झरोक्याला पुठ्ठा लावला, दिवा घालवला. भर दुपारी बारा वाजता अशी रात्र. वर पाढे चालू होते.

“जीभ सापडली?” काकांनी दाराबाहेरून विचारलं.

“सापडली.”

“ओढा हळू.”

ओढली. फिल्म बोटांवरून सरसरत चक्रीत जायला लागली. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. वेत कुरकुरतो तो. कुणीतरी बसताना होतो तसा.

“काका, कोचावर बसलात का?”

“नाही हो,” काका अगदी दाराशी होते, “इथंच उभा आहे मी. का?”

“काही नाही,” मी म्हणाले. वेत हवा बदलली की कुरकुरतो. आमच्याकडचा झोपाळाही कुरकुरतो. पण फिल्म दोनदा अडकली.

एकदा डबा बंद झाला की मग उजेडात काम. काका मिनिटं मोजत होते, मी डबा हलवत होते. रसायनं झाली, पाण्याने धुणं झालं. पट्टी बाहेर काढून मी दोरीला चिमट्याने अडकवली, झरोक्यावरचा पुठ्ठा काढला आणि उजेडावर बघायला लागले.

निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं, उजेड काळा आणि सावली पारदर्शक. ते वाचायची सवय लागते, आणि मला आहे. पिंपळाचा पार आला होता. नागाचे दगड आले होते. आणि पाराखालच्या सावलीत एक बाई बसली होती.

दूर्वा खुडणारी नव्हे. ही दगडांच्या आत बसली होती, दगड तिच्या छातीतून आरपार. मी पुढची फ्रेम बघितली. लोखंडी सामानाचं दुकान, आणि दुकानाच्या अंधारात तीच बाई. पुढची, बोळाचं दार, दारात तीच. मी जिथे जिथे सावली शोधली होती, तिथे तिथे ती बसून होती.

“कसे आलेत?” काका मागून विचारत होते. त्यांचा चष्मा हॉलमध्ये होता.

मी नुसती बघत राहिले. मग नागाच्या दगडांवर वेताची वीण दिसली. दुकानाच्या छताला टेकलेलं एक कॅलेंडर दिसलं. आणि भुतापेक्षा वाईट गोष्ट मला कळली.

“काका,” मी म्हणाले, “हा रोल कोरा नव्हता.”

मी पट्टीकडे बोट केलं.

“तुमचा रोल आहे हा. त्या तीन दुपारींचा. मी त्याच्यावर फोटो काढले. त्यांच्या अंगावर मी दुकानं काढली, काका.” आणि मला रडू फुटलं. लाज वाटण्याच्या पलीकडचं होतं ते.

काका हळूच पाटावर बसले. “जीभ दुमडायची राहिली,” ते म्हणाले. “शेवटचा फोटो काढला आणि हिला धाप लागली. रोल गुंडाळला तेवढाच. मग कुणीतरी उचलून कोऱ्यांबरोबर डब्यात टाकला असेल. मीच टाकला असेन.” मग म्हणाले, “फ्रिज एवढा मी बघितला नाही. तिथं कोरेच असतात ना.”

त्यांनी उठून चष्मा आणला आणि पट्टीला नाक लावलं. पार, दुकान, बोळ. प्रत्येक फ्रेममध्ये ती होती आणि कुठेच धड नव्हती. कपाळावर पाटी, गालावर फांदी. त्यांची मान एकेक फ्रेम खाली येत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग ते थांबले.

“इथं तुम्ही काय काढलंत?”

“कुठे?”

“इथं. एकवीसपासून. नुसता कोच दिसतो, आणि ही.”

मी डोळे पुसून वाकले. एकवीस ते एकोणतीस. नऊ फ्रेमा, स्वच्छ. त्यांवर दुकान नाही, फांदी नाही, काही नाही. फक्त ती खोली आणि कोपऱ्यात कोच आणि कोचावर ती.

“काका,” मी म्हणाले, “तिथे मी काहीच काढलं नाही. टोपी काढायला विसरले होते.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कानडीत बोलले. मग एकदम हसायला लागले. हसता हसता चष्म्याखालून पाणी गालावर आलं. “नऊ वेळा? नऊ वेळा, अक्का?” मीही हसत होते आणि रडत होते. वरचे पाढे थांबले होते, बहुतेक पोरं आमचा गोंधळ ऐकत असावीत.

मी पट्टीमागे पांढरा कागद धरला. पहिल्या दोन फ्रेमांत मान खाली होती, लग्नातल्यासारखी. पुढे तिने खिडकीकडे बघितलं होतं. आणि शेवटच्या पाचांत ती थेट भिंगाकडे बघत होती. पदर नाही, हात आडवा नाही. निगेटिव्हमध्ये पिकलेले केस काळेभोर दिसत होते.

“केस बघा,” काका म्हणाले. “लग्नातले आहेत.”

मी मोबाइलवर रंग उलटे करून तो चेहरा त्यांना सरळ करून दाखवला. आजाराने उतरलेला, पण हसू दाबत असलेला चेहरा. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“मी भिंतीकडे बघत होतो,” ते म्हणाले, “आणि ही माझ्याकडे बघत होती.”

निघताना

मी पस्तीस घेतलं. ज्याची टोपी काढायला विसरले तेच. अठ्ठावीस जास्त चांगलं आहे, कोपऱ्यापर्यंत धारदार, फिल्मवरही आणि डिजिटलवरही. पण देवघरात मला न दिसणारं कुणी फोटोत यावं, हे माझ्या छातीला झेपणारं नाही. आणि अठ्ठावीस आता विकायचं नाही, असं काकांनी ठरवलं होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी एक काम सांगितलं. “माझा एक काढा. अठ्ठावीसने. कोचावर.”

मी माझ्या पिशवीतला रोल काढला, पुण्यात घेतलेला, खोकं तिथेच फोडलं, दोनदा तपासून घातला. टोपी तीनदा बघितली. काका कोचापाशी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

“बघायचं नाही हं,” ते म्हणाले.

“नाही बघत.”

मी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. भिंत, फळी, कॅलेंडर. उजवीकडे खाली काळा कोपरा, आणि त्या काळोखात काका. वेत कुरकुरला. मग त्यांचा आवाज आला, अगदी घरगुती, कुणाशी रोज बोलावं तसा.

“पद्मा, स्वल्प सर.”

वेत पुन्हा कुरकुरला. मी बटण दाबलं. मी कोपऱ्यात बघितलं नाही, शब्द दिला होता. कोचाकडे पाठ करूनच मी कॅमेरा खाली घेतला, तोवर काका उठून कॉफीकडे गेले होते.

त्या रोलवर तो एकच फोटो आहे. बाकीचा मी रिकामाच गुंडाळला, जीभ बाहेर ठेवली आणि दुमडली. दोनदा दुमडली. आता तो आमच्या फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी आहे. यजमान रोज विचारतात, हे काय आहे आणि कधी जाणार. दर रविवारी काकांचा फोन येतो. नऊही फोटो मी मोठे करून पाठवलेत, ते त्यांनी कोचासमोरच्या भिंतीवर लावलेत. डोळे मिटले की आता आधार कार्ड येत नाही म्हणतात. मग विचारतात, “तो धुतला का, अक्का?”

कोचाची अर्धी बाजू रिकामी निघाली तर त्यांना काय सांगू, आणि नाही निघाली तर मला स्वतःला काय सांगू, ते अजून ठरत नाही.

“स्वल्प थांबा, काका,” मी म्हणते.